कोळशाच्या खाणीतून विधानसभेत

प्रश्न : माझे बाबा वणीच्या कोळसा खाणीत आहेत. खाणीत राबलेला माणूस कधी आमदार झाला आहे का? – एक वाचक, वणी

उत्तर : झाला आहे, आणि त्याच्याही पुढे गेला आहे. मीही खाणकामगाराचीच लेक. दादांच्या नखांत रुतलेली काळी रेघ घासून घासूनही जायची नाही. म्हणून अँड्र्यू फिशर मला घरचा वाटतो.

जन्म 1862चा, स्कॉटलंडमधल्या क्रॉसहाउसचा. शाळा सुटली आणि पोर खाणीत उतरलं. सतराव्या वर्षी तो कामगार संघटनेचा स्थानिक सचिव झाला. पुढे संपात पुढाकार घेतल्यावर मालकांनी त्याचं नाव काळ्या यादीत टाकलं. विचार करा, गावात खाणीशिवाय दुसरं काम नाही आणि खाणीचंच दार बंद! 1885मध्ये भावाबरोबर त्याने ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड गाठलं. तिथे आधी बरमच्या कोळसा खाणीत, मग जिंपीच्या सोन्याच्या खाणीत तो राबला. तिथेही संघटना बांधली, आणि 1893मध्ये जिंपीने त्याला विधानसभेवर पाठवलं. 1896ला तो पडला. पण खचला नाही; साथीदारांबरोबर वर्तमानपत्र काढलं आणि 1899मध्ये पुन्हा निवडून आला.

नंतर तर तो तीनदा देशाचा पंतप्रधान झाला. 1912मध्ये त्याच्या सरकारने प्रत्येक बाळंतपणामागे आईला पाच पौंड द्यायला सुरुवात केली. मात्र मूळनिवासी आणि आशियाई आयांना त्यातून वगळलं. हे मला आजही सलतं, बाबांना सांगताना तेही सांगा.