चुकलेली पकड

प्रश्न: लेकीकडे मिनियापोलिसला आले आहे. जावई अमेरिकन फुटबॉलमधल्या वायकिंग्ज संघाचा चाहता, त्याचा मित्र सेंट्स संघाचा. 2018 च्या एका सामन्यावरून दोघे अजून तावातावाने भांडतात. सेंट्सच्या मार्कस विल्यम्सला टॅकल, म्हणजे समोरच्याला पकडून पाडणं, येतच नव्हतं का?
– एक आजी

उत्तर: आजी, तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलंत. तारीख 14 जानेवारी. सेंट्स 24-23 ने पुढे, 10 सेकंद उरलेले, वायकिंग्जकडे घड्याळ थांबवायचे टाइमआउट शून्य. वायकिंग्जच्या केस कीनमचा पास त्यांच्याच स्टेफॉन डिग्जने कडेच्या रेषेजवळ उडी मारून झेलला. विल्यम्स सेफ्टी, म्हणजे बचावातला मागचा पहारेकरी. डिग्जला नुसतं मैदानात पाडलं असतं तरी बहुधा वेळ संपली असती. पण विल्यम्सने मान खाली घातली, खालून घुसला आणि आपल्याच साथीदाराला उडवलं. डिग्ज मोकळा पळत सुटला, 61 यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपार, आणि वायकिंग्ज 29-24 ने जिंकले.

मी शाळेत कबड्डीत कोपरा खेळायचे. सर ओरडायचे, "कंबरेकडे बघ गं, पाय फसवतात!" मान खाली गेली की पकड गेलीच. विल्यम्सची चूक नेमकी तीच, आणि ती अक्षम्य होती.

पण तेवढ्यावरून त्याला टॅकल येत नाही म्हणणं मला पटत नाही. पोराचा तो पहिलाच मोसम. त्याच सामन्यात त्याने कीनमचा एक पास मध्येच झेलून पळवलाही होता, ते जावईबापू सोयीस्कर विसरतात! सेंट्सनी त्याला पुढे 2021 पर्यंत ठेवलं, मग तो बाल्टिमोरच्या संघात गेला.