आई झोपली की बर्लिनमध्ये रडू येतं

‘‘मुलीला तिकडे मुळीच करमत नाही, रोज फोनवर रडते. परत बोलावून घेऊ का?’’ दादरच्या आमच्या समुपदेशन केंद्रात आलेल्या आईंनी खुर्चीत बसता बसताच विचारलं. परदेशी गेलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी मृण्मयी, वय २९. लोअर परळला बँकेत नोकरी, मग लग्न, आणि ऑक्टोबरअखेर नवऱ्यामागोमाग बर्लिन. नवरा ‘ब्लू कार्ड’वर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, त्यामुळे व्हिसासाठी तिला जर्मनची परीक्षा द्यावी लागली नाही. सोय खरी, पण एक वाक्यही न शिकता ती तिथे उतरली.

तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणं सुरू झालं. अशा वेळी पहिल्याच सत्रात तिथला पूर्ण पत्ता आणि सोबत राहणाऱ्याचा नंबर लिहून घ्यायचा असतो. आणीबाणीचा ११२ हा नंबर दोन्ही देशांत आहे, पण मुंबईतून लावलेला ११२ बर्लिनला रुग्णवाहिका धाडत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, किंवा मरणाचे विचार असतील, तर आधी तिथला फॅमिली डॉक्टर, बाकी सगळं नंतर. मृण्मयी जेवत होती, झोपत होती, मालिका बघून हसतही होती. रडू यायचं ते संध्याकाळी.

किती वाजता, हे तिला सांगता येईना. म्हणून आठवडाभराची नोंद ठेवायला सांगितली: कागदावर तासातासाचे रकाने, प्रत्येकात काय केलं आणि मन कसं होतं याला शून्य ते दहा गुण. तो कागद बघितल्यावर फार विचारावंच लागलं नाही. हिवाळ्यात मुंबईचं घड्याळ बर्लिनच्या साडेचार तास पुढे असतं. मृण्मयी साडेआठला उठायची तेव्हा इथे एक वाजलेला. आई जेवायला बसताना फोन लागायचा आणि साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला तसाच राहायचा. आईचा चहा, भाजीवाला, शेजारच्या काकू, साडेसातची मालिका, सगळं मृण्मयी तिकडच्या सोफ्यावरून बघायची. तिकडे साडेपाच झाले की इथे दहा. ‘‘झोपते गं’’ म्हणून आई फोन ठेवायची. डिसेंबरात बर्लिनला सूर्य चारच्या आत मावळतो. बाहेर काळोख, नवरा यायला अजून दीड तास. रडण्याच्या पाचही नोंदी साडेपाच ते सातमधल्या.

बर्लिन तिला आवडतं की नाही, हे ठरवायला ती बर्लिनमध्ये अजून राहिलीच नव्हती. आईंना सांगितलं, परत यायचं की नाही ते सहा-आठ आठवड्यांनी बघू.

फोन एकदम तोडायला सांगू नये. तोडलेला फोन चार दिवसांत दुप्पट होऊन येतो, कारण त्या जागी दुसरं काही आलेलं नसतं. आम्ही तो सरकवला: तिकडचे साडेबारा, इथले पाच, अर्धा तास, तोही बाहेर जाऊन आल्यावर. सकाळी दहा ते बाराच्या मध्ये निदान तीस मिनिटं घराबाहेर, आभाळ भरलेलं असलं तरी. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो आणि शरीराचं झोपेचं घड्याळ उजेडावर चालतं. ‘‘मूड आला की जाईन’’ म्हणणारी माणसं फेब्रुवारीतही सोफ्यावरच सापडतात.

बाहेर जाऊन करायचं काय? कामांची यादी भीतीच्या चढत्या क्रमाने केली. पहिलं काम न बोलता होणारं हवं. जर्मनीत पाण्याच्या वापरून टाकायच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटातल्या यंत्रात रिकाम्या बाटल्या घालायच्या, बटण दाबायचं, निघालेली चिठ्ठी कॅशिअरला द्यायची. भीती दहापैकी तीन. आठवड्यातून तीनदा, एकाच दुकानात, ठरलेल्या वेळी. सगळ्या बाटल्या एकाच खेपेत न्यायच्या नाहीत, पुरवून वापरायच्या!

मग बेकरी, भीती सहा. ‘त्स्वाय ब्र्योटशन, बिट्ट’, दोन पाव द्या, हे ॲपवरून पाठ केलेलं. पाटीवर मात्र ‘श्रिपे’. बर्लिनमध्ये त्या पावाला तेच म्हणतात. काउंटरवरच्या बाईंनी भराभर काहीतरी विचारलं आणि मृण्मयी पाव न घेताच घरी. असं होतंच. वाक्य सगळे पाठ करतात, पण त्यावर उलट प्रश्न येईल याची तयारी करत नाहीत. पुढच्या सत्रात फक्त उलट प्रश्न घोकले: ‘अजून काही?’, ‘इथे खाणार की नेणार?’ आणि कुठेही चालणारं ‘लांगझाम, बिट्ट’, जरा हळू बोला. तिसऱ्या खेपेला श्रिपे घरी आले.

‘‘मराठी मंडळात जा’’ असं तिला झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं. जरूर जावं, पण सणावारी भेटणारी माणसं मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला कामाला येत नाहीत. त्या वेळेला फोल्क्सहोखशूलं, म्हणजे तिथल्या लोकशिक्षण केंद्रातला जर्मनचा वर्ग ठरला, आठवड्यातून दोनदा.

आईंसाठी वेगळं सत्र लागलं. फोनपायी त्यांची शिवाजी पार्कची फेरी दोन महिने बंद होती. ‘‘आज रडलीस का?’’ऐवजी ‘‘आज काय आणलंस?’’ विचारायचं आणि सहाला पार्कात जायचं, एवढंच सांगितलं. पहिले चार दिवस त्यांनीच साडेतीनला फोन केला, नेमका मुलगी बाहेर पडायच्या वेळेला. मध्ये एका बर्फाच्या आठवड्यात सगळं ढासळलं, एक फोन तीन तास चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटल्यांपासून सुरुवात.

नवरा भला माणूस, आणि तिथेच घोळ. ‘‘तुला जर्मन येत नाही, राहू दे, मी करतो’’ म्हणत प्रत्येक फॉर्म तोच भरायचा. वर्गाचं पत्र मात्र आलंच नाही, परत गेलं. तिथे टपाल टाकतात ते पेटीवरचं आडनाव बघून, आणि पेटीवर होतं फक्त ‘परुळेकर’. मृण्मयीने माहेरचं ‘साटम’ ठेवलेलं. इमारतीच्या देखभालवाल्याला सांगून नाव लावून घेणं, भीती आठ, हे काम नवऱ्याने करायचं नाही असं ठरलं. तिने जर्मनमध्ये चार ओळी लिहून नेल्या आणि देखभालवाल्यासमोर वाचल्या.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाटी लागली. पाचच्या फोनवर आईंना त्या पाटीचा फोटो आला: वर ‘परुळेकर’, खाली ‘साटमान’. चूक आईंनीच आधी पकडली. ती दुरुस्त करून घेणं आता यादीत आहे, भीती पाच.