उबंटू बसवताना इन्स्टॉलरला लॅपटॉपची एनव्हीएमई एसएसडी दिसत नाही. डिस्क खराब आहे का?

डिस्क बहुधा ठीक आहे. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) स्टोरेज मोड 'रेड' (अनेक डिस्क एकत्र जोडणारा) किंवा 'इंटेल आरएसटी' (इंटेलची स्टोरेज व्यवस्था) असेल, तो 'एएचसीआय' (साधा मोड) करा. आरएसटी चालू असताना एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड जाते आणि लिनक्स कर्नलला (उबंटूच्या गाभ्याला) ती वेगळी दिसतच नाही. खात्री करायची असेल तर लाइव्ह यूएसबीवरून (न बसवता उबंटू चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) 'डीमेसेज' ही कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा चालवा. 'रीमॅप्ड एनव्हीएमई' अशी ओळ आली की निदान पक्कं.

विंडोज ठेवायचं असेल तर मोड थेट बदलू नका, विंडोज सुरू न होता एररचा निळा पडदा येईल. आधी:

१. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असल्यास रिकव्हरी की लिहून ठेवा (हे विसरणारेच जास्त).
२. 'एमएसकॉन्फिग'मध्ये बूट टॅबवर सेफ बूट निवडा.
३. रीस्टार्ट करून लगेच बायोसमध्ये जा, एएचसीआय निवडा.
४. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये चालू होऊ द्या, मग 'एमएसकॉन्फिग'मधली सेफ बूटची खूण काढा.

मात्र दोन डिस्क खरोखरच रेडमध्ये जोडलेल्या असतील तर हे करू नका, आधी बॅकअप घ्या. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर हाच पर्याय 'व्हीएमडी' नावाने असतो. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, म्हणून तिथे आधी उबंटूची नवी आवृत्ती वापरून पाहा.