जुन्या डीव्हीडींच्या फाइल नव्या हॅन्डब्रेकने पुन्हा कराव्यात का?

तुमचा प्रश्न असा आहे: २०११-१२ च्या सुमारास घरातल्या चारेकशे डीव्हीडी-व्हीसीडी हॅन्डब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने एमपी४ करून ठेवल्या, आता सॉफ्टवेअर कुठल्या कुठे गेलंय, एच.२६५ ही व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत आलीय, तर सगळं परत करायचं का? माझं मत: सरसकट अजिबात नको. जिच्यातला दोष डोळ्यांना खुपतो आणि जिची मूळ डिस्क अजून चालते, तेवढीच फाइल करा.

मी इंदिरानगरला लग्नाच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून देतो. अधूनमधून कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येतंच, "दादा, नवीन सॉफ्टवेअरने जरा क्लिअर होतंय का बघा ना." नाही होत. एमपी४ करताना जो तपशील कापला गेला, तो गेला. त्याच एमपी४ वरून एच.२६५ केलंत तर फाइल लहान होईल आणि चित्र आहे त्याहून थोडं उतरेल.

बरं, लहान करून मिळवायचं काय? दीड जीबीच्या चारशे फाइल म्हणजे ६०० जीबी. निम्मी जागा वाचली तरी ३०० जीबी. आज ४ टीबीच्या डिस्कवर एवढ्यासाठी कोण हिशोब करतं? विजेचंही फार नाही. १५० वॅट खाणारा कॉम्प्युटर रात्री आठ तास चालला तर सव्वा युनिटसुद्धा जळत नाही. जातात ते तुमचे रविवार. डिस्क पुसा, घाला, नाव द्या, काढा, पुढची घाला.

आता दोष कसा ओळखायचा ते. नाटकाची एखादी डीव्हीडी तुमच्याकडे असेलच, तिथून सुरुवात करा. आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी पाल (PAL) या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे चित्र ७२० बाय ५७६. सिनेमा फिल्मवर शूट झालेला असला की फ्रेमच्या सगळ्या ओळी बहुधा एकाच क्षणाच्या असतात. नाटक मात्र व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेलं, म्हणजे इंटरलेस्ड: विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी त्यानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने आलेल्या. एखादं पात्र तावातावाने हात उडवत बोलतंय असा प्रसंग लावा आणि नेमका हात हलताना पॉज करा. बाहीच्या कडेला कंगव्याचे दात दिसले, तर तेव्हा डीइंटरलेस न करताच, म्हणजे या दोन क्षणांच्या ओळी वेगळ्या न सोडवताच फाइल झालेली आहे. अशी फाइल डिस्कवरून परत करण्यासारखी. हॅन्डब्रेकमध्ये डीइंटरलेसचा बॉब पर्याय घेतलात तर सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम मिळतात, आणि रंगमंचावरची हालचाल एकदम मोकळी वाटते. माझ्या मते नव्याने एन्कोड करण्याचं, म्हणजे डिस्कवरून फाइल परत बनवण्याचं, सगळ्यात मोठं फळ हेच.

चेहरे लांबट दिसत असतील तर एन्कोड करूच नका. डीव्हीडीवर मोठ्या पडद्याचं चित्रही ७२० बाय ५७६ मध्येच दाबून बसवलेलं असतं, दाखवताना ते १०२४ इतकं रुंद व्हायला हवं. एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे प्रमाण बदलता येतं, चित्राला हातही लागत नाही. सबटायटल चित्रावरच छापली गेली असतील तर मात्र डिस्कशिवाय इलाज नाही. ५.१ आवाजाचा स्टिरिओ झाला असेल, तर घरात होम थिएटर असेल तरच त्याची फिकीर करा.

व्हीसीडीच्या वाट्याला जाऊ नका. ३५२ बाय २८८ च्या चित्रात नवा एन्कोडर काय भर घालणार? डिस्कवरच्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली मोठी डॅट फाइल आहे तशी कॉपी करून ठेवा.

खरी घाई आहे ती डिस्क वाचण्याची. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटींना बुरशी धरते ते मी रोज बघतो, आणि जुन्या डिस्कही कधी वाचायच्या थांबतील याचा नेम नाही. म्हणून आधी सगळ्या डीव्हीडी पूर्ण, न आकसता हार्ड डिस्कवर उतरवा. सरासरी ६ जीबी धरली तरी चारशेंचे २.४ टीबी होतात. मग एन्कोडिंग यंदा करा नाहीतर पाच वर्षांनी.

ज्या कराल त्यांना हॅन्डब्रेकमध्ये एक्स२६५ १०-बिट (एच.२६५ चा एन्कोडर) निवडा आणि आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा (जितका कमी तितकं चित्र चांगलं), १८ ते २२ च्या दरम्यान ठेवा. जुन्या एच.२६४ पद्धतीच्या एक्स२६४ एन्कोडरचा आरएफ आकडा इथे तसाच उचलू नका, दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. ग्राफिक्स कार्डचा एन्कोडर झटपट काम उरकतो, पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी होते. घाई नसेल तर सीपीयूवरच चालू द्या. आणि आधी एकच चॅप्टर करून पेनड्राइव्हने टीव्हीला लावून बघा. जुन्या टीव्हींना एच.२६५ चालत नाही. तुमचा तसा निघाला तर निमूट एक्स२६४ वापरा, आणि नवी फाइल शेवटपर्यंत नीट चालतेय हे बघितल्याशिवाय जुनी डिलीट करू नका.