निवडणं आणि निवाडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या शिकवणुकीचा आणि वागणुकीचा न्याय करावा का? तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संजीवन सभेला (विश्वास जागवण्यासाठी भरवलेल्या खास सभेला) आलेल्या उपदेशकांनी औषधोपचार म्हणजे अविश्वास असं शिकवलं, तुम्ही कमिटीत शंका काढलीत, आणि बायबलमधलं 'न्याय करू नका' हे येशूचं वचन (मत्तय 7:1) दाखवून तुम्हाला खाली बसवण्यात आलं.

माझं उत्तर हो असं आहे. शिकवणुकीची पारख करायलाच हवी. मंडळीतल्या वागणुकीबद्दलही बोलायला हवं. माणसाचा शेवटचा निकाल मात्र आपल्या हातात दिलेला नाही. हे मी लांबून बोलत नाही. माझं बालपण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीत गेलं. न्याय करायला हवा होता तिथे सगळे गप्प बसले की काय होतं, ते मी घरात पाहिलं आहे. जिथे मला काही अधिकार नव्हता तिथे मी स्वतः दोष लावला आहे, आणि त्याचं काय झालं तेही पाहिलं आहे.

आधी ते वचन. आपल्याकडच्या भाषांतरांत कुठे 'न्याय करू नका' असं येतं, तर कुठे 'दोष काढू नका'. मूळ ग्रीक क्रियापद 'क्रिनो'. त्याचा पाया वेगळं काढणं, निवडणं असा आहे. त्यावरून ठरवणं, निकाल देणं, दोषी ठरवणं इथपर्यंत त्याचा अर्थ पसरतो. मराठीत हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडेही निवडणं आणि निवाडा ही जवळची भावंडं आहेत. तांदूळ निवडणारी बाई खडा बाजूला काढते. ती तांदळाला शिक्षा देत नाही, घरातल्या लेकराचा दात तुटू नये म्हणून निवडते. येशू कशाला मनाई करतो आणि काय करायला सांगतो, हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. म्हणून तोच अध्याय पुढे वाचा. पंधराव्या वचनात तो म्हणतो, मेंढरांच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, त्यांच्या फळांवरून त्यांना ओळखा. ज्याला कोणाचीही पारख करायची नाही त्याने लांडगा ओळखायचा कसा?

आणि मधलं ते कुसळ-मुसळ. हे आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की चित्र डोळ्यांपुढे उभंच राहत नाही. गव्हाच्या मळणीच्या दिवसांत खळ्यावर खेळताना माझ्या डोळ्यात कुसळ गेलं, की आजी मला उजेडाकडे तोंड करून बसवायची, पदराचं टोक पिळून टोकदार करायची आणि एका हाताने हनुवटी धरून ते अलगद टिपून काढायची. तिचा हात कधी हलला नाही. येशूचं वाक्य 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ राहू दे' असं संपत नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं ते संपतं. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. डोळ्यात राहिलेलं कुसळ डोळा घालवतं. पण ज्याला स्वतःला दिसत नाही त्याचा हात डोळ्याजवळ नको.

आता माझ्या मावशीचं सांगते. वीसेक वर्षं झाली. शाळेच्या मैदानावर मंडप टाकून तीन दिवसांच्या संजीवन सभा झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या उपदेशकाने शेवटच्या रात्री तेच शिकवलं जे तुमच्याकडे शिकवलं गेलं. मावशीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. घरी येऊन तिने त्या चुलीत टाकल्या आणि रविवारी उपासनेत उभं राहून तशी साक्षही दिली. माझे वडील त्याच आठवड्यात कमिटीसमोर गेले. त्यांनी शांतपणे दोन गोष्टी विचारल्या. प्रेषित पौल आपला सोबती लूक याला 'प्रिय वैद्य' म्हणतो, ते का? आणि पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असं तो आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, तेव्हा तीमथ्याचा विश्वास कमी होता का? उत्तर मिळालं नाही. 'न्याय करू नका' हे वचन मिळालं, आणि त्याच्या जोडीला 'माझ्या अभिषिक्तांना (देवाने नेमलेल्यांना) हात लावू नका' हे दुसरं. पाचव्या की सहाव्या आठवड्यात मावशीची डावी बाजू गेली. पुढची अकरा वर्षं ती खाटेवर होती. तो उपदेशक पुन्हा आमच्या गावाकडे फिरकला नाही, आणि कमिटीतलं कोणी त्या विषयावर परत बोललं नाही.

ते 'अभिषिक्तांना हात लावू नका' एकदा उघडून वाचा. ते स्तोत्र 105 मध्ये आहे. अब्राहाम, इसहाक, याकोब हे मूठभर परदेशी या राज्यातून त्या राज्यात भटकत होते, त्यांना इजा करू नका असं देव तिथल्या राजांना बजावतो. दुबळ्याला बलवानापासून वाचवणारं हे वचन आहे, आणि आपण ते व्यासपीठावरच्या माणसाला प्रश्नांपासून वाचवायला वापरतो. दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला, तो गुहेत हाती सापडला असतानाही, अभिषिक्त म्हणून मारलं नाही हे खरं, पण त्याच प्रसंगी गुहेबाहेर येऊन तू माझ्यावर अन्याय करतो आहेस, परमेश्वर तुझ्यामाझ्यामध्ये न्याय करो, हेही त्याने शौलाला तोंडावर सांगितलं.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातल्या बिरुया गावच्या लोकांकडे पाहा. प्रत्यक्ष पौल येऊन उपदेश करतो आहे, आणि हे लोक रोज शास्त्र उघडून तो सांगतो ते तसंच आहे का, हे ताडून बघतात. लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, मोठ्या मनाचे म्हणतो. पौल स्वतः थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहितो, सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते बळकट धरा.

वागणुकीच्या बाबतीत मला गलतीकरांच्या पत्रातला अंत्युखियाचा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो पंगतीचा प्रसंग आहे. येशूचा शिष्य पेत्र, स्वतः यहुदी, विदेशी म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही यहुदी विश्वासणारे आल्यावर तो त्या पंगतीतून उठला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला अडवलं. पेत्राची शिकवण चुकली नव्हती, तो फक्त उठून गेला होता. पण त्या उठण्याने सुवार्ताच खोटी पडत होती. आपल्या देशात हे कळायला भाष्य वाचावं लागत नाही. तमिळ मुलखात तंजावरकडच्या मंडळ्यांमध्ये ख्रिस्ती लोक उपासनेत जातवार बसत आणि प्रभुभोजनालाही जातवार येत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये हा भेद ताबडतोब आणि कायमचा सोडा असं कळवलं, तेव्हा बरेच लोक मंडळ्या सोडून गेले. त्या पत्राला कोणी 'दोष काढू नका' म्हटलं असेल तर मी म्हणेन, असे दोष काढलेच पाहिजेत. आपल्याकडे लग्नं जुळवताना आजही काय विचारलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. यावर मात्र व्यासपीठावरून क्वचितच कोणी बोलतं.

हे झालं एका बाजूचं. दुसऱ्या बाजूचं मला जास्त टोचतं.

पंडिता रमाबाईंचा सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार वाचताना वाईट वाटतं, कारण जेराल्डीनबाईंचं प्रेम खरं होतं. पण त्यांनी सगळंच एका तराजूत घातलं. रमाबाईंना त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) शिकवणुकीबद्दल प्रश्न होते. तो विश्वासाच्या गाभ्याचा विषय आहे, त्यावर वाद घालणं रास्तच होतं. पण रमाबाई मांस, मासे, अंडी खात नाहीत, यातही जेराल्डीनबाईंना जातीचा अभिमान दिसला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशातल्या लोकांना कळणारं संस्कृत का नको, हा रमाबाईंचा प्रश्नही त्यांना हट्ट वाटला. रमाबाईंनी 1885 मध्ये जे उत्तर लिहिलं त्याचा आशय असा: मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून काढलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून घेणार नाही. त्या चर्चला तेव्हा ही बाई हट्टी आणि गर्विष्ठ वाटली. पुढे हीच बाई केडगावला मुक्ती मिशन उभं करते, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायकापोरींना घरी आणते, आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणते. ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला बाप्तिस्म्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. तेवढा वेळ देवाने त्यांना दिला. माणसांना तो द्यायचा नव्हता.

हीच चूक सत्तेच्या हातात गेली की काय होतं ते गोव्याने भोगलं. इन्क्विझिशन, म्हणजे विश्वासाची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, तिथे 1560 मध्ये सुरू झालं आणि 1812 मध्ये कायमचं बंद झालं. त्याच्या 1736 च्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या घरांनी काय करू नये याची यादी आहे. लग्नात कोकणी गाणी म्हणायची नाहीत, अंगणात तुळस लावायची नाही, बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. भातात मीठ आहे की नाही यावरून माणसाच्या विश्वासाचा न्याय! रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने नेमकं हेच बंद केलं होतं. एक जण सगळं खातो, एक जण फक्त भाजीपाला. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण, असा त्याचा सरळ प्रश्न आहे.

हा अध्याय मला पाठ होता, तरी मी चुकले. पुण्यात मी आमच्या मंडळीच्या महिला सभेचं काम बघत असताना एक नवी लग्न झालेली मुलगी येऊ लागली. ती कपाळाला टिकली लावायची. मी तिला बाजूला घेऊन, तेही गोड बोलून, ख्रिस्ती बायका असं लावत नाहीत म्हणून सांगितलं. हे मी कुठून आणलं होतं? माझ्या आजीच्या काळातल्या मंडळीच्या रीतीतून. शास्त्राचं एकही वचन माझ्या हातात नव्हतं. ती दोन रविवार टिकलीशिवाय आली, मग यायची बंद झाली. वर्षभराने मला कळलं की सासरी तिच्या सासूला या लग्नाचं दुःख होतं आणि सासूच्या समाधानासाठी ती टिकली लावत होती. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने चहा केला, नीट बोलली, पण परत आली नाही. त्याच वर्षी आमच्या मंडळीत दानाच्या पैशांचा हिशेब कोणी मांडला नव्हता, आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. टिकली दिसली, हिशेबाची वही दिसली नाही. येशूने मुसळ म्हटलं ते हेच, असं मला आता वाटतं.

बाहेरच्या लोकांबद्दल पौलाचं म्हणणं स्पष्ट आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीतल्या एका उघड पापाबद्दल तो कठोर होतो, आणि लगेच म्हणतो, जे बाहेर आहेत त्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे आहे? शेजाऱ्यांचे सण, व्रतं, देव यांच्यावर लाउडस्पीकरवरून टीका करणाऱ्या आपल्या लोकांना हे वचन कोणीतरी वाचून दाखवायला हवं. आणि त्याच करिंथच्या मंडळीला पुढच्या पत्रात तो लिहितो, शिक्षा पुरे झाली, आता त्या माणसाला क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. तो हाच माणूस होता की दुसरा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण परत आणण्यासाठीच ताळ्यावर आणायचं, हे दोन्ही पत्रांत दिसतं.

एक इशारा देते. मत्तय 18 प्रमाणे आधी एकांतात जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा, हा क्रम भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. लेकराच्या अंगाला कोणी हात लावला असेल तर तो क्रम पाळत बसू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशी गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो माणूस पाळक असो की कोणी. 'विश्वासणाऱ्यांनी कोर्टात जाऊ नये' हे वचन अशा वेळी पुढे करणाऱ्याचं ऐकू नका. तिथे पौल आपसांतल्या व्यवहाराच्या भांडणांबद्दल लिहितो आहे.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. सभेतलं ते वाक्य आठवेल तसं नेमकं लिहून काढा, जमल्यास ते ऐकलेल्या आणखी दोघांना विचारून. मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोनतीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असं तीमथ्याला लिहिलं आहेच. मग त्यांना घेऊन पाळकसाहेबांकडे जा. उपदेशक खोटा आहे असं म्हणू नका, त्याचं मन तुम्हाला दिसत नाही. हे वाक्य शास्त्राला धरून आहे का, एवढंच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. पण त्याआधी, आजच, त्या रात्री मंडपात कोण कोण बसलं होतं ते आठवा. कोणाला साखर आहे, कोणाला रक्तदाब आहे, कोणाला फिट येतात. त्यांच्या घरी जाऊन गोळ्या चालू आहेत ना ते विचारा. माझ्या मावशीला ते कोणीही विचारलं नाही, मीसुद्धा नाही.