ॲलिस स्प्रिंग्सच्या ॲबोरिजिनल संस्थेच्या बोर्डावर बसायचं असेल तर

तुम्ही सीए आहात, पुढच्या वर्षी पुण्याहून ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या ॲलिस स्प्रिंग्सला नोकरीसाठी निघालात आणि तिथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, आरोग्यसंस्थेच्या बोर्डावर काम करता येईल का, असं विचारलंत. येईल. पण पोचल्या पोचल्या नको. पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात घालवा, आणि बोलावणं आलं तर आधी वित्त उपसमितीत बसा.

कारण या संस्था कुणी बाहेरून येऊन उभ्या केलेल्या नाहीत. सिडनीच्या रेडफर्नमध्ये 1971 साली पहिली ॲबोरिजिनल वैद्यकीय सेवा सुरू झाली, ॲलिस स्प्रिंग्समध्ये 1973 साली 'काँग्रेस' नावाची ॲबोरिजिनल संस्था उभी राहिली. सरकारी दवाखान्यांत मान मिळत नव्हता, म्हणून लोकांनी स्वतःचे दवाखाने काढले आणि कारभार स्वतःच्या हातात ठेवला. तो हातात राहणं हेच तिथे सगळ्यात महत्त्वाचं. तुमची खुर्ची पाहुण्याची, जबाबदारी मात्र इतर संचालकांइतकीच पूर्ण.

अशा बऱ्याच संस्था 2006 च्या 'कॅट्सी' कायद्याखाली, म्हणजे मूळ रहिवाशांच्या संस्थांसाठीच्या खास कायद्याखाली, नोंदलेल्या असतात. त्यांचं निबंधक कार्यालय म्हणजे ओरिक. या कायद्यानुसार बहुसंख्य संचालक ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) असावेच लागतात. तुमच्यासारख्याला जागा मिळते ती बहुधा 'स्वतंत्र किंवा तज्ज्ञ' संचालकाची, तीही त्या संस्थेच्या रूलबुकात, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमावलीत, तशी तरतूद असेल तरच. काही संस्था कंपनी कायद्याखाली किंवा राज्याच्या असोसिएशन कायद्याखाली असतात, तेव्हा कुठला कायदा लागू आहे हे आधी विचारा.

हो म्हणण्यापूर्वी ओरिकची सार्वजनिक नोंदवही उघडा. संस्थेचं रूलबुक आणि दाखल झालेले अहवाल तिथे फुकट वाचता येतात. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद काढा. अहवाल वेळेत गेलेत का, लेखापरीक्षकाने काही शेरा मारलाय का, पूर्वी निबंधकाने कारभार हाती घ्यायला विशेष प्रशासक नेमला होता का, हे बघा. मग लेखी संमती द्या. त्याआधी डायरेक्टर आयडी काढायला हवा: 15 आकडी क्रमांक, फुकट मिळतो, आणि अर्ज नेमणुकीच्या आधी करावा लागतो, नंतर नाही. बोर्डाचं काम बहुतेक वेळा बिनपगारी असतं, तरी तुमच्या व्हिसाच्या अटींत ते बसतं का हे लेखी विचारून घ्या.

आता तुमचा खरा उपयोग जिथे आहे, ते. समजा बोर्डापुढे कागद आला की बँकेत 9,00,000 डॉलर आहेत. सगळे खूश. तुम्ही विचारायचं, यातले आपले किती? खर्च न झालेलं अनुदान 6,20,000, ते परत मागितलं जाऊ शकतं. कर्मचाऱ्यांच्या साठलेल्या रजा 1,40,000. जीएसटी आणि पगारातून कापलेला कर 60,000. उरले 80,000. महिन्याचा पगारखर्च 1,10,000 असेल तर ही संस्था एक महिनाही स्वतःच्या पैशावर चालू शकत नाही. देणी भागवता येत नसताना नवं देणं अंगावर घेतलं तर संचालक वैयक्तिकरीत्या अडकतात. म्हणून हे सगळे आकडे दर बैठकीत एकाच पानावर, मोठ्या अक्षरात मागा. शब्दही सोपे ठेवा. 'लायबिलिटी' न म्हणता 'हे पैसे आपले नाहीत' म्हटलं की चर्चा लगेच जमिनीवर येते. अनेकांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असते, आपल्यासारखीच.

संस्था बिघडतात त्या मोठ्या घोटाळ्यांपेक्षा छोट्या सवयींनी. संस्थेची गाडी, इंधनाचं कार्ड, सभासदाला दिलेली उसनवारी, नातेवाइकाची नेमणूक. लहान गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो, त्यामुळे नातं असणं हा दोष नव्हे, ते लपवणं हा दोष. हितसंबंध असलेल्या संचालकाने सांगायचं, खोलीबाहेर जायचं, आणि तो कधी गेला, कधी परत आला हे इतिवृत्तात लिहायचं. आपल्या हाउसिंग सोसायटीत 'नंतर लिहून घेऊ' चालतं, इथे तेच पुढे महागात पडतं. दुसरी सवय म्हणजे संचालकांनी थेट कर्मचाऱ्यांना हुकूम सोडणं. बोर्डाने सीईओशी बोलावं, बाकीचं सीईओ बघेल.

तारखा पाठ करा: आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं, वार्षिक सभा 30 नोव्हेंबरपर्यंत, तिची नोटीस 21 दिवस आधी, अहवाल 31 डिसेंबरपर्यंत. बैठक शेवटच्या आठवड्यात ठेवलीत की हमखास कोरम पूर्ण होत नाही. मृत्यू झाला की 'सॉरी बिझनेस', म्हणजे शोकाचे विधी, चालतो, त्यात सारं गाव असतं आणि ते बैठकीपेक्षा मोठं. कुरकुर न करता तारीख बदला. फोनवर बैठक चालते का, हे रूलबुकात आधीच बघून ठेवा.

बैठकीत कुणी गप्प बसलं तर ती पोकळी भरू नका, विचार चालू असतो. आणि पटकन आलेला 'हो' बऱ्याचदा सौजन्याचा असतो, ठराव मांडण्यापूर्वी पुन्हा विचारा. 'आंटी', 'अंकल' ही मानाची नावं आहेत, बाकीचे म्हणताहेत किंवा तुम्हाला तसं सांगितलंय, तेव्हाच म्हणा. मृत व्यक्तीचं नाव घेण्याआधी विचारा. कार्यक्रमाच्या सुरुवातीचं 'वेलकम टू कंट्री', म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत, फक्त तिथल्या भूमीच्या पारंपरिक मालकांनी करायचं, तुम्ही ॲक्नॉलेजमेंट करा, म्हणजे त्या मालकांचा आदराने उल्लेख करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. 'आमच्यावरही इंग्रजांचं राज्य होतं' हे वाक्य जपून वापरा. आपल्याकडून ते 1947 मध्ये गेले, तिथून गेलेले नाहीत.

तिकीट काढण्याआधीच तिथल्या दोन-तीन संस्थांची रूलबुकं वाचायला घ्या. ओरिकचं संचालक-प्रशिक्षण मोफत असतं, पण जागा आधी ॲबोरिजिनल संचालकांसाठी. संस्थेने तुमचं नाव पाठवलं तर जा, आपणहून मागू नका.