विमानतळाभोवतीची जमीन: आधी काय ठरवावे?

प्रश्न: विकसनशील देशांत विमानतळाभोवतीच्या नगरविकासाचे नियोजन करताना अग्रक्रम कशाला द्यावा?

उत्तर: जमिनीच्या वापराला. विमानतळ शहरापासून कितीही दूर बांधला, तरी रोजगाराच्या ओढीने वस्ती त्याच्या कुंपणापर्यंत पोहोचते, आणि एकदा घरे उभी राहिली की ती हटवणे खर्चिक आणि बहुधा अन्यायकारकही ठरते. इक्वेडोरची राजधानी कीटो येथील जुना विमानतळ शहराने असाच वेढला गेला. अखेर २०१३ मध्ये तो बंद करून नवा विमानतळ शहराबाहेर सुरू करावा लागला.

धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढील पट्ट्यात आवाजाचा त्रास विशेष असल्याने तेथे शाळा, रुग्णालये व घरे टाळून गोदामांना आणि मालवाहतुकीला जागा राखावी. इमारतींच्या उंचीवर मर्यादा हवी, तसेच पक्ष्यांना आकर्षित करणारे कचरा डेपो दूर हवेत. चकचकीत ‘विमानतळ नगरी’च्या आराखड्यांत या नीरस बाबी सहसा दिसत नाहीत.

वाहतुकीचेही तसेच आहे: बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ २००६ मध्ये सुरू झाला, पण त्याला शहराशी जोडणारी रेल्वे २०१० मध्ये आली. शिवाय विमानतळ केंद्रीय यंत्रणेकडे आणि बांधकाम परवानग्या स्थानिक संस्थांकडे असतील, तर दोघांना बंधनकारक असा एकच आराखडा भूसंपादनापूर्वीच मंजूर व्हायला हवा.